पंखा बंद करा, आकोंग चहा पितायत

“मी पाणी नाही पाजलं,” शेजारच्या पलंगावरचे लोआजोबा म्हणाले, “चहा पाजला.”

आत्याने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की हात मोकळे असते तर तिने त्यांना वजन लावून टांगलेल्या पायासकट खिडकीबाहेर ढकललं असतं. पण एका हाताने तिने आकोंगना कुशीवर धरलं होतं आणि दुसऱ्याने ती त्यांची पाठ थोपटत होती. नर्स त्यांच्या तोंडात बारीक नळी घालून आतलं ओढून काढत होती. ते यंत्र, शीतपेय संपलं तरी पोरं स्ट्रॉ ओढत राहतात तसं खुरखुरत होतं. आकोंगचा चेहरा जांभळा पडला होता. मी शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन दारातच उभी.

“वर काय लिहिलंय ते वाचा,” आत्याने हनुवटीने पलंगावरची पाटी दाखवली.

“तोंडाने पाणी देऊ नये,” लोआजोबांनी मोठ्याने वाचलं. “मग? मी कुठे पाणी दिलं?”

यात त्यांची काही लबाडी नव्हती. चीनच्या दक्षिणेला आमच्या चाओचौमध्ये चहाला पाणी कुणी समजतच नाही. पाणी तहान लागली की प्यायचं. चहाच्या पानांना आम्ही चहाचे तांदूळ म्हणतो, आणि तांदूळ घरात नाहीत असं जसं कुणी होऊ देत नाही, तसंच हे. सोयरीक जुळवायची असो, भांडण मिटवायचं असो, नळ दुरुस्त करायला माणूस आलेला असो, आधी चहा. दवाखान्यातसुद्धा पेशंटच्या कपड्यांआधी थाळा आणि पेले येतात. मग शेजारच्या पलंगावरचा माणूस आपल्या पेल्याकडे टक लावून बघतोय आणि आपण एकटेच पितोय, हे लोआजोबांना जमायचं कसं? त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हात तर धड होते. त्यांनी हात लांब करून पेला पुढे धरला. आणि समोर आलेला पेला आकोंगनी आयुष्यात कधी परत पाठवला नव्हता.

आकोंग म्हणजे माझे आजोबा, टिओ खिम-सेंग. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. वर आम्ही तिघं राहतो, आकोंग, आत्या आणि मी. आई-बाबा शेन्झेनला कारखान्यात आहेत, नव्या वर्षाला येतात. दुकानात भिंतीला टेकून पंखेच पंखे, कुणाचं पातं नाही, कुणाची जाळी नाही, आणि दारात ठोकळ्यावर चहाचा गोल थाळा. त्यावर झाकणाची वाटी आणि तीन पेले, अक्रोडाच्या कवचाएवढे. माणसं कितीही जमोत, पेले तीनच. गरम पाण्यात बुचकळायचे आणि पुढच्यांना द्यायचे. ओतणाऱ्याने सगळ्यांत शेवटी प्यायचं. पंखा दुरुस्त व्हायला पाणी उकळण्याइतकाही वेळ लागायचा नाही, पण गिऱ्हाईक जेवणवेळेपर्यंत हलायचं नाही. आमा, माझी आजी, होती तेव्हा म्हणायची, ह्यांचं दुकान पंख्यांचं नाही, बुडांचं आहे, टेकली की उठत नाहीत.

पंख्याचं दुखणं आकोंग कानाने ओळखायचे. “बाकीचे सगळे बंद करा,” म्हणायचे, आणि त्या एका पंख्याजवळ डोळे मिटून बसायचे. गप्पा मारणारेही तेवढ्यापुरते गप्प व्हायचे. मग आकोंग बोट वर करायचे आणि सांगायचे, तेल नाही, किंवा आतली कडी झिजलीय, किंवा याला काही झालेलं नाही, तुमच्या बायकोला नवा हवाय.

थंडी ओसरली आणि एका सकाळी चहा ओततानाच त्यांना झटका आला. पहिल्या पेल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी धार फिरवत होते. तिसऱ्यानंतर हात थांबलाच नाही. धार थाळ्यावर, थाळ्यावरून ठोकळ्यावर, ठोकळ्यावरून समोरच्या माणसाच्या पायावर. तो माणूस आधी हसला. आकोंगच्या हातून चहा सांडतो हे त्याला विनोदच वाटलं. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गळा गेला. गळा गेला म्हणजे गिळलेलं अन्ननलिकेत न जाता फुप्फुसात उतरायला लागलं. नाकातून पोटात नळी घातली आणि त्यातून पातळ पेज सुरू झाली.

वाचेचं मला तितकं वाटलं नाही, खरंच. आकोंग बोलायचेच थोडं. पण गळा?

कारण आकोंगचं म्हणणं होतं, की जिभेवर संपतो तो चहा स्वस्तातला. फिनिक्स डोंगरावरच्या ऊलोंग चहाचा घोट गळ्याखाली गेला की मग कुठे सुरू होतो. आधी कडू पकडतो, मग सोडतो, आणि सोडला रे सोडला की खालून गोडी वर येते. घोट गिळून ते डोळे मिटायचे, तोंड जरासं उघडायचे आणि आतला श्वास हळूच सोडायचे, “हाऽऽ”. त्या श्वासाबरोबर चहाचा वास परत नाकात यायचा म्हणे. मी लहानपणापासून ओठ ओले करत आलेय, पण मला कडूशिवाय काही कळायचं नाही. मी उगाच “हाऽऽ” करायचे आणि सगळे हसायचे.

गेल्या थंडीत मात्र ती गोडी मला सापडली. शाळेतून आले, एक पेला प्यायले, जिना चढायला लागले, आणि अर्ध्या जिन्यात गळ्यातून काहीतरी वर आलं. जसं कुणीतरी फुलं ठेवलेल्या खोलीचं दार उघडावं. मी धडधडत खाली आले आणि म्हणाले, “आकोंग, आली.” काय आली, ते त्यांनी विचारलं नाही. पेला फक्त पुन्हा पुढे केला. तेव्हापासून शाळेत शेवटच्या तासाला मला चहा आठवायला लागला. भूक लागल्यावर भात आठवतो ना, तसा. गळाच आठवण काढतो. मी एका थंडीपुरती चहाबाज आणि माझी ही गत. त्यांचं तर आयुष्य गेलं होतं त्यात.

लोआजोबांच्या त्या एका पेल्याने आकोंगना ताप भरला. छातीत कफ, सलाईनमधून औषधं, आत्याच्या डोळ्यांखाली काळं. लोआजोबा इतके ओशाळले की त्यांनी नर्सकडून नवी पाटी लिहून घेतली आणि आपल्या पैशाने चिकटपट्टी आणवून ती लावून घेतली. पाणी नाही, चहा नाही, सूप नाही, कुणी मोठा माणूस आला तरी नाही. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून प्यायला लागले, थाळ्यावर टॉवेल टाकून, चोरून सिगरेट ओढणाऱ्या पोरासारखे. पण वासावर टॉवेल कसा टाकणार? वाटीचं झाकण किणकिणलं की आकोंगची नजर तिकडे जायची आणि मानेतली कंठमण्याची गोटी खालीवर व्हायची. त्यांना वर बघायची आणखी एक सवय लागली होती. छतावरचा पंखा कट कट कट करत फिरायचा. आकोंग त्याच्याकडे असे बघायचे, जसं कुणी आपल्या नातवंडाचं नाक वाहताना बघावं आणि पुसायला हात बांधलेले असावेत.

ताप उतरला तसे मोठे डॉक्टर म्हणाले, नाकातली नळी किती दिवस ठेवायची? जखमा होतात. शनिवारी सकाळी गिळण्याची तपासणी होईल. जमलं तर पुढे बघू. नाही जमलं तर पोटाला छिद्र पाडून नळी थेट तिथेच बसवू. दुपारच्या फेरीत ठरवू.

“म्हणजे मग तोंडाने कधीच नाही?” मी विचारलं.

“ती कायमची व्यवस्था असते,” ते म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

शनिवारी मी लवकरच पोहोचले. एक तर शाळा नव्हती आणि दुसरं म्हणजे माझी गरज होती. तपासणी घेणाऱ्या छ्याओ मॅडम उत्तरेकडच्या. आमची बोली त्यांना येत नाही, आणि आकोंगना नि आत्याला शाळेतली प्रमाण भाषा बातम्यांपुरतीच कळते. मध्ये बोलायला मी. यंदा मला तोंड फुटलंय असं आत्या म्हणते. वर्गात वादविवादात उभी राहिले, जिंकले, तेव्हापासून मी रिक्षावाल्याशीही भांडते. पण त्या सकाळी बसमध्ये मी कुणाशी भांडले नाही. मनात एकच, दुपार व्हायच्या आत त्यांनी एक घोट नीट गिळला पाहिजे.

छ्याओ मॅडमनी पाण्यात पावडर ढवळून ते घट्ट केलं. पातळ पाणी पटकन घसरतं आणि चुकीच्या वाटेला लागतं, घट्ट हळू सरकतं, म्हणून सुरुवात याने. मी बोटाने चाखून पाहिलं. कपड्यांना घालायची खळ असते ना, तीच.

“आजोबांना सांग, तोंड उघडा.”

मी सांगितलं. आकोंगनी चमच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. अर्धं तोंड लुळं, पण उरलेल्या अर्ध्याने त्यांनी असं मिटलं की पाना लावूनही उघडलं नसतं.

“आकोंग, एकच चमचा.”

नाही. मॅडमनी थांबून पुन्हा प्रयत्न केला. मग चमचा ओठाला टेकवला. आकोंगनी मान भिंतीकडे फिरवली. खळ गालावरून कानाकडे ओघळली आणि आत्याने ती पुसली.

“तोंडच उघडलं नाही तर मी काय लिहू?” छ्याओ मॅडम थकून म्हणाल्या. “जमत नाही, असंच लिहावं लागेल.”

“चहा देऊन बघूया,” मी म्हणाले.

शाळेच्या भाषेत म्हणाले, पण ‘चहा’ आत्याला कळलाच.

“काय म्हणालीस?”

“चहाला ते तोंड उघडतील, आत्या.”

“उघडतील. गेल्या वेळी उघडलं होतंच की.” आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “सुआन, तू दारात उभी होतीस. धरून मी बसले होते. निळे पडले होते ते माझ्या हातात. अंग थरथरत होतं आणि मग थरथरायचंही थांबलं. एका पेल्यापायी मी बाप घालवू?”

वादविवादात असं कुणी बोलत नाही.

“पोटात नळी घालू देत,” ती म्हणाली. “दुकानात खुर्चीवर बसलेले दिसतील. मला तेवढं पुष्कळ आहे.”

“त्यांना विचारलंस?”

“काय विचारू? बोलतायत का ते?”

आकोंग आमच्याकडे बघत होते. डोळा एकीकडून दुसरीकडे, आत्याकडून माझ्याकडे. सगळं कळत होतं त्यांना. तेच तर वाईट होतं.

“तुम्ही काय बोलताय?” छ्याओ मॅडमनी विचारलं. मी सांगितलं, निळे पडल्याचंसुद्धा. तेवढं प्रामाणिक राहणं भागच होतं.

मॅडमनी आधी आकोंगच्या गळ्याकडे पाहिलं. मग लोआजोबांकडे वळल्या. “हे बाबा भिंतीकडे तोंड करून चहा पितात ना, तेव्हा यांचा गळा हलतो. मी पाहत आलेय. लाळ गिळतात आणि खोकत नाहीत. तापाआधी तसं नव्हतं. मला कळत नाहीये ते एवढंच, की हे तोंड मिटतात ते जमत नाही म्हणून, की नको म्हणून.” त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. “चहा चालेल. पण माझ्या पद्धतीने. अर्धा चमचा, त्याहून थेंबभर जास्त नाही. हनुवटी छातीला लावून. ओढणारं यंत्र चालू, नर्स शेजारी. आणि मुलीची परवानगी हवी. तुझी नाही, त्यांच्या मुलीची.”

मी आत्याला हे शब्दन् शब्द सांगितलं. तिने सगळं ऐकलं. वर पंखा कट कट करत होता. मग ती वाकली, पलंगाशेजारच्या कपाटातून आकोंगचे कपडे बाजूला केले आणि सगळ्यात खालून पत्र्याचा डबा काढला. दुकानातला, त्यांचा रोजचा. पहिल्या दिवसापासून तो तिथे होता आणि तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

“चहा घरचा हवा,” ती म्हणाली. “ह्यांचा नको.”

“नको तर नको,” लोआजोबा म्हणाले. “थाळा तरी घ्या. थाळ्याने तुमचं काय वाकडं केलंय?”

डबा उघडला आणि वास आला. आत्याने तोंड फिरवलं. तेव्हा मला उमगलं की झटका आल्यापासून मी तिला चहा पिताना पाहिलंच नव्हतं. रोज डोकं दुखतंय म्हणायची, कपाळाला बाम चोपडायची. ते का दुखत होतं ते मला तेव्हा कळलं.

मी थर्मासमधलं पाणी केटलीत पुन्हा उकळलं. पेले बुचकळले, वाटीत पानं भरली, पहिलं पाणी फेकून दिलं. आयुष्यात हजारदा पाहिलेलं, पण पाहणं वेगळं आणि अशा माणसासमोर करणं वेगळं. झाकण काढून मी आकोंगच्या नाकाशी धरलं. एका नाकपुडीत नळी, दुसरी मोकळी. त्या एका नाकपुडीने त्यांनी इतका लांब श्वास घेतला की छ्याओ मॅडम बोटाला लावलेल्या चिमट्याचे आकडे बघायला लागल्या.

मी तीन पेल्यांवर धार फिरवली, शेवटचे थेंब वाटून टाकले. मॅडमनी चमचा उचलला.

आकोंगनी डावा हात पुढे केला. चमचा बाजूला सारला, एक पेला उचलला, आणि तो हेलकावे खात, चादरीवर सांडत, छ्याओ मॅडमसमोर नेला.

“नको, नको, मी कामावर आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या खिशाला पाण्याची मोठी बाटली लटकत होती, दिवसभर त्यातलंच पितात.

“मॅडम, घ्यावाच लागेल,” मी म्हणाले. “आधी पाहुण्यांनी प्यायचं. ओतणारा शेवटी.”

“पण ओतलास तू.”

“ते त्यांना मान्य नाही.”

आकोंगचा हात मागे जात नव्हता. मॅडमनी पेला घेतला आणि औषधासारखा गटकन घशात ओतला. डोळ्यांत पाणी आलं. लोआजोबांनी कपाळावर हात मारला.

“भाजलं,” मॅडम म्हणाल्या. “आणि कडू आहे. कुठला चहा हा?”

“बदकाची शीट,” मी म्हणाले.

“काय?”

“नाव आहे ते. चांगलं झाड कुणी चोरू नये म्हणून मालकाने ठेवलं, असं सांगतात.”

मॅडम काहीतरी म्हणणार होत्या, पण मध्येच थांबल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. “हे काय आहे?” त्या म्हणाल्या. “आत्ता हे... गोड?”

“तेच,” मी म्हणाले. “तेच ते, मॅडम.”

आकोंगच्या तोंडाचा जो कोपरा हलत होता, तो हलला.

दुसरा पेला लोआजोबांकडे गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, भिंतीकडे न वळता प्यायला आणि दोन बोटं पलंगाच्या कडेवर टकटक वाजवून आभार मानले. तिसरा आत्याकडे. ती मान हलवत राहिली. आकोंगनी पेला तिच्या हातावर टेकवला, चहा तिच्या मनगटावर सांडला.

“घे की गं,” लोआजोबा म्हणाले. “त्यांचा हात गळून पडेल.”

आत्या प्यायली. पेला तोंडाशी धरून नुसतीच बसून राहिली, रिकामा झाल्यावरही.

पेले बुचकळले. मी दुसऱ्यांदा पाणी घातलं. आता आकोंगची पाळी. मॅडमनी पेल्यात फक्त अर्धा चमचा राहू दिला, मनगटाला लावून पाहिला, थोडा थांबवला. आमच्याकडे कोमट चहा देणं म्हणजे पाहुण्याला उठून जा म्हणणं, पण त्यावर मी वाद घातला नाही. नर्सने यंत्र चालू करून नळी हातात धरली. मॅडमनी आकोंगची हनुवटी छातीकडे वाकवली आणि स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यावर टेकवला. भुवया आकसल्या.

“काही ऐकू येत नाही. यंत्र थांबवा, लागलं तर लगेच चालू करा. आणि पंखा बंद करा.”

हे आकोंगना मी सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. त्यांनी नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. वाक्य त्यांचंच होतं.

पंखा कट, कट करत मंदावला आणि थांबला. वॉर्डमधले बाकीचेही का कोण जाणे गप्प झाले. आत्या खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. आकोंगनी पेला डाव्या हातानेच ओठाला लावला. मानेतली गोटी वर गेली, वरच थांबली. मग खाली आली.

“त्यांना सांग, आ म्हणा,” मॅडम कुजबुजल्या. गळ्यात काही अडकलं असेल तर आवाज ओला येतो, गुळण्या केल्यासारखा.

“आकोंग, आ म्हणा.”

ते म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, तोंड जरासं उघडलं.

“हाऽऽ.”

कोरडा, स्वच्छ. दुकानातल्यासारखा.

खिडकीशी उभ्या आत्याचे खांदे हलले. मॅडमनी मला गप्प राहायची खूण केली, जरी मी काहीच बोलत नव्हते. दुसरा अर्धा चमचा. गोटी वर, गोटी खाली. “हाऽऽ.”

तिसऱ्याला ठसका लागला.

आधी बारीक, मग सगळं अंग घुसळणारा. चिमट्याचं यंत्र केकाटायला लागलं. नर्सने नळी तोंडात घातली, खुरखुर सुरू झाली. आत्या खिडकीपासून पलंगापर्यंत कधी आली ते मला दिसलंच नाही, ती त्यांना कुशीवर धरून पाठ थोपटत होती आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. चेहरा लाल, मग जांभळट. मला वाटलं, झालं. मी घालवलं त्यांना. माझं हे फुटलेलं तोंड. मी थाळ्याची कड इतकी घट्ट धरली की पेले किणकिणायला लागले.

मग खोकला फुटला, मोकळा. आकडे वर आले. आकोंग दमून उशीवर पडले आणि त्यांनी डोळे उघडले.

“दोन,” छ्याओ मॅडम म्हणाल्या. त्यांचंही कपाळ घामाने भिजलं होतं. “दोन जमले.”

दुपारी मोठे डॉक्टर आले तेव्हा मॅडमच बोलल्या, मला बोलायची गरज पडली नाही. गिळण्याची क्रिया परत येते आहे, व्यायाम घेऊ, पोटाच्या नळीची घाई नको. डॉक्टरांनी विचारलं, तपासणी कशाने घेतली? मॅडम म्हणाल्या, रुग्णाच्या आवडीच्या पेयाने. आणि माझ्याकडे बघून ओठ घट्ट दाबून घेतले.

डॉक्टर आत्याला म्हणाले, ही परवानगी मेजवानीची नाही. पोट नाकातल्या नळीनेच भरायचं. तोंडाने दिवसातून दोन अर्धे चमचे, मॅडम शिकवतील तसे. तिसरा कधी होईल, होईल की नाही, सांगता येणार नाही. ठसका लागला की थांबायचं. आवाज ओला आला की धावत इकडे यायचं.

“दोन तर दोन,” आत्या म्हणाली. मग लोआजोबांकडे वळून म्हणाली, “आणि तुम्ही आता पाय उतरला की दुकानात या. पण हात खिशात घालून.”

आता उन्हाळा भरात आहे आणि दुकान उघडं आहे. आकोंग खुर्चीवर असतात, नळी गालाला चिकटवलेली. पंखे आत्या उघडते. ते बोट दाखवतात, ती स्क्रू फिरवते, चुकली की ते जिभेने च् करतात. तेवढा एक आवाज परत आलाय. गल्लीतली माणसं पूर्वीसारखीच येऊन बसतात. संध्याकाळी मी शाळेतून आले की चहा ओतते आणि आकोंग डाव्या हाताने पेले पुढे सरकवतात. कोण आधी आलं, कोण वयाने मोठं, ते त्यांच्या ध्यानात असतं. कधी काठी टेकत लोआजोबा येतात, कधी सुट्टीच्या दिवशी छ्याओ मॅडम. मॅडम आता एका घोटात पेला संपवत नाहीत. तीन पेले फिरतात, बुचकळले जातात, पुन्हा फिरतात.

सगळ्यांचं झालं, की मी एका पेल्यात अर्धा चमचा ओतते.

तेव्हा आत्या उठते. भिंतीशी लावलेले पंखे एक एक करून बंद करते, दुरुस्त झालेले, न झालेले, छतावरचा सगळ्यात शेवटी. उकाडा एकदम अंगावर बसतो. वारा घ्यायला हातात वर्तमानपत्र असलेला माणूसही ते मांडीवर ठेवतो. कुणी बोलत नाही. आकोंग हनुवटी छातीला लावतात आणि पेला ओठाशी नेतात. गोटी वर जाते. आम्ही सगळे त्या “हाऽऽ”साठी कान देऊन बसतो. घाम मानेवरून पाठीत उतरत जातो, तो पुसायला कुणी हात हलवत नाही.

मग आकोंग डाव्या हाताचं बोट वर करतात. चालू करा.